आधी तिजोरी, मग रिव्हॉल्वर
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी स्वसंरक्षणाच्या हत्याराबद्दलची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक महिलांची आहेत. शस्त्र परवान्याचे काम, नेमबाजीचे प्रशिक्षण आणि हत्यारांची दुरुस्ती जवळून पाहिलेल्या मंडळींनी मिळून ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमचे हे गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यामुळे केरळात असतात. वस्तीवर मी, सासूबाई आणि दोन मुलं. शेजारचं घर दोन शेतं ओलांडून. परवान्यासाठी अर्ज करायचं मनात आहे. विक्रेता म्हणतो, बायकांना हलकंच रिव्हॉल्वर बरं. रिव्हॉल्वर घ्यावं की पिस्तूल? आणि हलकं घ्यावं का?
– एक वाचक, विटा परिसर

आधी परवान्याचे थोडक्यात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देतात जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवे. अर्ज ए-१ नमुन्यात करायचा. त्यासोबत वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला आणि ते सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. ‘वस्तीवर एकटी राहते’ एवढ्या एका ओळीवर अर्ज सहसा पुढे सरकत नाही. पूर्वी चोरी झाली असेल, कुणी धमकावले असेल, तर त्या वेळी दिलेल्या तक्रारीची प्रत जोडा. अर्ज नामंजूर झाला तर ३० दिवसांत अपील करता येते.

आता निवड. साध्या नागरिकाला ९ मिलिमीटर किंवा ०.३८ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचे आतले माप) हत्यार मिळत नाही, ती प्रतिबंधित बोअर आहेत. उरते मुख्यतः ०.३२ बोअर, आणि त्यात रिव्हॉल्वरही येते, पिस्तूलही. वस्तीवर राहणाऱ्या, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सराव करू शकणाऱ्या बाईला आम्ही रिव्हॉल्वरच सांगू. कारण सोपे आहे. रिव्हॉल्वर उघडले की चक्रीतली गोळ्यांची सहाच्या सहा घरे डोळ्यांना दिसतात. भरलेय की रिकामे, यात शंका राहत नाही. एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढायचा, चक्री फिरते आणि पुढची गोळी समोर येते.

पिस्तुलात तसे नाही. ०.३२ च्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर मिटलेली राहते, त्यामुळे ती स्प्रिंग कडक असते आणि स्लाइड मागे ओढायला बोटांत ताकद लागते. पिस्तूलच हवे असेल तर युक्ती अशी की स्लाइड दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायची नाही. डाव्या हाताच्या अख्ख्या तळव्याने ती वरून घट्ट धरायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. हे सलग दहा वेळा जमत नसेल तर ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही. मनगट सैल राहिले तर स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि रिकामे काडतूस बाहेर पडायच्या खाचेतच अडकते. सवयीचा माणूस ते झटक्यात काढतो. अंधारात, छाती धडधडत असताना, दोन महिन्यांपूर्वी शेवटचा सराव केलेल्या माणसाला ते जमत नाही.

पिस्तुलाच्या अनेक अपघातांचे मूळ एकच : मॅगझिन (मुठीत बसणारा गोळ्यांचा खाना) काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज. नळीच्या मागच्या टोकाशी आधीच चढलेली गोळी मॅगझिनबरोबर बाहेर येत नाही. क्रम पाठ करा : आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड दोन-तीनदा पूर्ण मागे ओढा, मग ती मागे धरून आत बघा आणि करंगळी घालून चाचपा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढली, तर बाहेर पडलेल्या गोळीच्या जागी नवी गोळी चढलेली असते. हातात मॅगझिन आणि जमिनीवर पडलेली गोळी बघून माणूस निश्चिंत होतो.

‘बायकांसाठी हलके’ हे मात्र दुकानातले गणित. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ नावाचे ५०० ग्रॅमचे ०.३२ रिव्हॉल्वर खास महिलांसाठी म्हणून बाजारात आणले. तेव्हाची किंमत होती १,२२,३६० रुपये. पर्समध्ये मावते ही त्याची जाहिरात. पण तुमचे हत्यार पर्समध्ये राहणार नाही, तिजोरीत राहणार आहे. तिजोरीला वजनाचे काय? गोळी तीच असेल तर हलके हत्यार हाताला जास्त झटका देते, नळी आखूड असली तर नेमही लवकर ढळतो. सातशे ग्रॅमच्या आसपासचे रिव्हॉल्वर घरासाठी अधिक बरे. २०२३ मध्ये आलेले ‘प्रबळ’ साधारण त्याच वजनाचे आहे. त्याची चक्री बाजूला उघडते. जुन्या सरकारी रिव्हॉल्वरची नळी मधोमध मोडून खाली झुकते. दोन्ही प्रकार एकदा हातात धरून बघा.

दुकानात बघायचे ते असे. हत्यार रिकामे असल्याचे विक्रेत्याने बघावे, मग तुम्ही स्वतः बघावे. मूठ अशी धरा की नळी आणि तुमचा हात कोपरापर्यंत एका रेषेत येईल. त्या पकडीत तर्जनीचे पहिले पेर चापाच्या मध्यावर पोचते का? पोचत नसेल तर बोट पुरवण्यासाठी तुम्ही मूठ फिरवणार आणि गोळी बाजूला जाणार. मूठ बदलून मिळते, बोट लांब करून मिळत नाही. नंतर विक्रेत्याची परवानगी घेऊन, घरांत नकली गोळ्या घालून, घोडा (गोळीवर आपटणारा मागचा खटका) अंगठ्याने न चढवता नुसता चाप पूर्ण ओढून बघा. अशा ओढीला साधारण पाच किलोचा जोर लागतो. भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नळी रोखून सहा वेळा ओढा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला नळीचे टोक थरथरू लागले तर हाताची ताकद वाढवा किंवा दुसरा नग बघा. अंगठ्याने घोडा चढवून ठेवला की चाप हलका होतो, दोन किलोच्या आसपास. म्हणून लोकांना तो मोह होतो. पण चढलेला घोडा गोळी न उडवता परत उतरवताना घामेजलेला अंगठा निसटतो, आणि घरात गोळी सुटते. घरच्या वापरासाठी घोडा चढवायचाच नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

रिव्हॉल्वर धरताना डाव्या हाताचे बोट चक्रीच्या पुढे जाऊ देऊ नका. चक्री आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गरम वायू जोरात बाहेर पडतो आणि बोट भाजून फाटते.

सरावाला प्रशिक्षकाशिवाय पर्याय नाही. परवान्यावर वर्षाला किती गोळ्या घेता येतील ते लिहिलेले असते, त्यामुळे बराचसा सराव नकली गोळ्यांवरच करावा लागतो. खऱ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात, नळीच्या तोंडासमोर पक्की भिंत, आणि सराव संपला की तिथेच थांबायचे. ‘अजून एकदा’ करताना खरी गोळी भरलेली असते, असे अपघात मुरलेल्या नेमबाजांकडूनही झाले आहेत. मैदानावर चाप ओढूनही गोळी उडाली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, कधी कधी ती उशिरा उडते. घरात जीवावर बेतले असताना मात्र लगेच पुढचा चाप. आवाज नेहमीपेक्षा बारीक, नुसता ‘फट्ट’ आला तर कुठेही असलात तरी थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते.

प्रश्न : मिस्टरांचं परवान्याचं रिव्हॉल्वर घरात आहे. ते ड्युटीवर असताना वेळ आली तर मी वापरलं तर चालेल ना? घर तर एकच.
– एक वाचक, कऱ्हाड

नाही. परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात विनापरवाना व्यक्तीला एवढीच मुभा आहे : परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने हत्यार दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा त्याच्याच वापरासाठी नेणे. ‘मी नसताना बायकोने वापरावे’ असे पत्र लिहून ठेवले तरी ते या मुभेत बसत नाही. म्हणून मिस्टर बाहेरगावी जाताना तिजोरीची किल्ली तुमच्याकडे देऊन जातात, ही पद्धत दोघांनाही अडचणीत आणणारी आहे. वापरायचेच असेल तर स्वतःच्या नावावर परवाना घ्या.

प्रश्न : सासरे सैन्यात होते. त्यांच्यामागे हे परवाना सांभाळत होते, तेही गेल्या वर्षी वारले. कपाटात रिव्हॉल्वर आणि थोडी काडतुसं तशीच आहेत. मुलगा म्हणतो आठवण म्हणून राहू दे. मला आता एकटीने राहताना आधार वाटतो.
– एक वाचक, सातारा तालुका

आधार वाटतो हे खरे, पण परवानाधारक गेल्या दिवसापासून ते हत्यार घरात ठेवायला कुणालाच अधिकार राहिलेला नाही. कायदा म्हणतो की अनावश्यक विलंब न लावता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे. वर्ष उलटले म्हणून आता दडवून ठेवू नका. उशीर कळवून जमा करणे आणि झडतीत सापडणे यांत फार फरक आहे.

स्वतः पिशवीत घालून ठाण्यावर जाऊ नका. आधी ठाण्यात फोन करा किंवा मुलाला मृत्यूचा दाखला आणि परवान्याची प्रत घेऊन पाठवा, आणि हत्यार कसे आणायचे ते विचारा. ते भरलेले आहे की नाही हे तुम्हाला माहीत नसेल तर कपाटातून काढूही नका, जाणकार पोलिसाला घरी येऊन बघू द्या. जमा केल्याची पावती घ्या आणि तीवर हत्याराचा नंबर, बोअर, काडतुसांची संख्या आणि स्थिती, चारही लिहून घ्या. चट्टे, मोडकी मूठ, सैल खिट्टी, जे असेल ते. पुढे हत्यार परत घेताना हाच कागद उपयोगी पडतो.

आठवणीचे हत्यार कायमचे गेलेच असे नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. इतर वारसांची ना-हरकत लागते, आणि तुमची वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण, पोलीस चौकशी सगळे नव्या अर्जदारासारखेच होते. हे मुलाने करायचे की तुम्ही, ते आधी घरात ठरवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. मुलाच्या नावावर आधीच रानडुकरांसाठीची बंदूक असेल तर तीही त्यात धरली जाते.

प्रश्न : परवाना मंजूर झालाय. मुलं सहा आणि अकरा वर्षांची. हत्यार ठेवायचं कुठे? कुलपात ठेवलं तर वेळेला उपयोग काय?
– एक वाचक, मिरज

हा प्रश्न खरे तर अर्ज करण्याआधी सोडवायचा. तुमच्याकडे अजून हत्यार आलेले नाही, हे बरे आहे.

कुठे ठेवायचे नाही ते आधी. उशीखाली, गादीखाली, देव्हाऱ्यामागे, तांदळाच्या डब्यात, शिलाई मशीनच्या खणात, माळ्यावरच्या ट्रंकेत. दिवाळीचे लाडू आपण कुठे लपवतो हे ज्या मुलांना कळते, त्यांना हेही कळते. सहा वर्षांच्या मुलाचे बोट कडक चाप ओढायला अपुरे पडते असे मोठी माणसे धरून चालतात. मूल बोटाने ओढतच नाही. ते हत्यार उलटे धरून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते, आणि त्या वेळी नळी त्याच्याच तोंडाकडे असते.

तिजोरी पोलादी हवी, आणि भिंतीत पक्की केलेली. सुटी तिजोरी चोराला उचलून नेता येते. आतून चार छिद्रे पाडून दहा मिलिमीटरच्या अँकर बोल्टनी ती विटांच्या पक्क्या भिंतीला किंवा काँक्रीटच्या खांबाला बसवा, प्लायवूडच्या कपाटाच्या पाठीला नको. उंची तुमच्या खांद्याएवढी, म्हणजे आत काय आहे ते वाकल्याशिवाय दिसते आणि धाकट्याला खुर्चीशिवाय पोचत नाही. गोळ्यांसाठी दुसरी छोटी कुलूपबंद पेटी, त्याच खोलीत पण दुसऱ्या जागी, दुसऱ्या किल्लीची.

कुलूप कोणते? किल्लीचे असेल तर किल्ली अंगावर, मसाल्याच्या डब्यात नाही आणि चाव्यांच्या खुंटीवर तर नाहीच. दुसरी किल्ली पाकिटात बंद करून बँकेच्या लॉकरमध्ये. आकड्यांचे कुलूप असेल तर जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर लावू नका, आणि उघडताना मुलांकडे पाठ करा. अकरा वर्षांचे मूल तीनदा बघून आकडे पाठ करते. बोटाच्या ठशाचे कुलूप लवकर उघडते, पण कणीक मळून धुतलेले ओले बोट किंवा द्राक्षबागेत काम करून खरखरीत झालेले बोट ते अनेकदा ओळखत नाही. घेतलेच तर दोन्ही हातांची दोन-दोन बोटे नोंदवा, बॅटरी ठरलेल्या तारखेला बदला आणि सोबतची किल्लीही चालते का ते दर महिन्याला बघा.

रिव्हॉल्वर तिजोरीत रिकामे ठेवा, आणि त्यात वायरचे कुलूप घाला. मोडणाऱ्या बनावटीचे असेल तर ते उघडे ठेवून वायर नळीतून ओवा, मग ते मिटतच नाही. बाजूला उघडणाऱ्या चक्रीचे असेल तर चक्री बाहेर काढून मधल्या मोकळ्या चौकटीतून वायर ओवा. पिस्तुलात मॅगझिन काढून, स्लाइड मागे अडकवून, वायर वरून आत घालून मॅगझिनच्या जागेतून खाली काढायची. चापावर बसवायचे कुलूप भरलेल्या हत्याराला कधीही लावू नये. ते लावताना-काढताना चापाला धक्का बसतो.

आता ‘वेळेला उपयोग काय’. तिन्ही कुलपे उघडून सहा गोळ्या भरणे, सराव असेल तर, एखाद्या मिनिटाचे काम. ते मिनिट तुम्हाला पक्क्या दारामुळे मिळते. लोखंडी जाळीचे दार, आतून दोन आडवे अडसर, अंगणात हालचालीवर लागणारा दिवा, भुंकणारे कुत्रे. यांच्यावर होणारा खर्च हत्याराच्या किमतीपुढे किरकोळ आहे, आणि तो आधी करावा. कुणी जाळी कापू लागले तर मुलांना आतल्या खोलीत घ्या, दार लावा, ११२ लावा, मग तिजोरी उघडा. भरलेले हत्यार उशाशी ठेवल्याने हे मिनिट वाचते, पण वर्षाच्या बाकी सगळ्या रात्री ते मुलांच्या हाताशी राहते. आमचे मत स्पष्ट आहे : लहान मुलांच्या घरात भरलेले हत्यार बाहेर नको.

मुलांना ‘हात लावलास तर बघ’ एवढेच सांगून थांबू नका. काय करायचे ते सांगा : हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचे, मोठ्यांना सांगायचे. दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल हातात असते तेव्हा हे पुन्हा सांगा. पाहुण्यांची मुले घरात असतील तेव्हा तर कुलपे स्वतः ओढून बघा.

प्रश्न : रात्री गोठ्यात शेळ्या चोरायला आलेल्यावर गोळी झाडता येते का? निदान हवेत?
– एक वाचक, आटपाडी

शेळीसाठी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. मृत्यू येईल इतक्या टोकाचा प्रतिकार करण्याचा हक्क मोजक्या प्रसंगी आहे : जीवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला अशा हेतूने आलेला हल्ला. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग वगैरे. साध्या चोरीत हा हक्क तेव्हाच, जेव्हा प्रतिकार न केल्यास जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती असते. शेळी खांद्यावर टाकून पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी यात कुठेच बसत नाही. गरजेपेक्षा जास्त इजा केली तर हक्क असूनही तो गुन्हा ठरतो.

हवेतही झाडू नका. वर गेलेली गोळी कुठे उतरेल ते तुमच्या हातात नाही. पत्र्याचे दार आणि प्लायवूड ०.३२ ची गोळी पार करून जाते. त्यामागे कुणी झोपलेय का, हे गोळी झाडायच्या आधी माहीत असावे लागते.

प्रश्न : पर्समध्ये घेऊन फिरावं का? माहेर अथणीकडे आहे.
– एक वाचक, जत

अथणी कर्नाटकात आहे. परवाना कोणत्या क्षेत्रात चालतो ते त्यावरच लिहिलेले असते. ‘महाराष्ट्र’ असेल तर सीमा ओलांडल्याबरोबर तुम्ही विनापरवाना. पर्सबद्दल विचाराल तर आमचा सल्ला नको असाच आहे. पर्स हिसकावली तर हत्यारही गेले, मूल पर्समध्ये चॉकलेट शोधते, किल्ली-कंगवा चापात अडकतो. सार्वजनिक जागी नेताना हत्यार म्यानात किंवा पिशवीत झाकलेले असावे, असा नियमच आहे. यात्रेत, लग्नाच्या वरातीत तर नकोच. रस्त्यावरच्या भीतीसाठी मिरचीचा फवारा बरा. त्याला परवाना लागत नाही आणि चूक झाली तर कुणाचा जीव जात नाही.

प्रश्न : नवऱ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे. पितात तेव्हा ते काढून टेबलावर ठेवतात. मला भीती वाटते.
– नाव-गाव न छापण्याच्या अटीवर

भीती योग्य आहे. ते शुद्धीत असताना हत्यार स्वेच्छेने विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करायला तयार होत असतील तर तो सगळ्यांत सोपा मार्ग. नसतील तर जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, प्रत पोलीस ठाण्याला द्या. तारीख, वेळ, काय बोलले ते लिहा. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ खाली परवाना देणाऱ्याला आहे. ते पिस्तूल तुम्ही स्वतः उचलून लपवू नका. तातडीला ११२, सल्ल्याला महिला हेल्पलाइन १८१. घरात कुणी खूप खचलेले असेल, बाळंतपणानंतरची बाई असेल किंवा परीक्षेत नापास झालेला मुलगा असेल, तरीही हत्यार काही महिने बाहेर जमा असावे.

प्रश्न : पावसाळ्यात हत्यार गंजतं. खोबरेल लावलं तर चालेल का? आणि सासऱ्यांच्या वेळच्या गोळ्या चालतील का?
– एक वाचक, पाटण

खोबरेल नको. थंडीत ते गोठते, जुने झाले की चिकट होते आणि घोडा जड पडतो. हत्याराचेच पातळ तेल सुती चिंधीवर दोन थेंब घेऊन बाहेरून पुसा, नळीत तेलाची चिंधी एकदा फिरवा, मग कोरडी फिरवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी दोन महिन्यांनी. घामाच्या हाताने धरले असेल तर त्याच दिवशी. चामड्याच्या म्यानात घालून तिजोरीत ठेवू नका, चामडे ओल धरते. सुती कापडात गुंडाळा, बाजूला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा. सांगलीकरांनी तिजोरी तळमजल्यावर बसवू नये, हे २०१९ च्या पुराने दाखवले आहे. पाण्यात गेलेले हत्यार पुसून लगेच चालवू नका, परवानाधारक दुरुस्ती कारागिराकडून उघडून घ्या. ते वाहून गेले तर ठाण्यात तत्काळ कळवा.

गोळ्यांना तेल लागू देऊ नका. तेल गोळीच्या बुडाच्या टोपीत (जिच्यावर घोडा आपटतो) झिरपले की गोळी मुकी होते. पितळेवर हिरवट थर, शिशावर पांढरी पूड, दबलेली टोपी यांपैकी काहीही दिसले तर ती गोळी वापरातून काढा. शिवाय ०.३२ लिहिलेले सगळे एक नसते. पिस्तुलाची ०.३२ गोळी काही रिव्हॉल्वरच्या घरात बसते, पण तिचा दाब जास्त असतो. डब्यावरचे पूर्ण नाव हत्यारावरच्या नावाशी जुळवून बघा. सासऱ्यांच्या गोळ्या तुमच्या परवान्यावर नोंदलेल्या नसतील तर चालतील की नाही हा प्रश्नच उरत नाही. विहिरीत टाकू नका, चुलीत तर मुळीच नको. संख्या लिहून, कोरड्या डब्यात, ठाण्यात आधी कळवून जमा करा आणि पावती घ्या.